कॅनडातला माझा आजारी मुलगा

सांगतो, पण आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा प्रकार ऐकताना आमच्या एका मित्राच्या नाकातून चहा आला होता.

पस्तीस वर्षं मी सरकारी कचेरीत आस्थापना शाखेत काढली. कोण खरा आजारी, कोण खोटा आजारी, कोणाची आजी कितव्यांदा वारली, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. असल्या माणसाने निवृत्त झाल्यावर जपानला जाऊन जी माती खाल्ली, तिला तोड नाही हो!

केतकी माझी मुलगी. तोक्योच्या तोयोसु भागात राहते, सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. तिच्या जन्मदाखल्यावर 'पुरुष' लिहिलं होतं. आपण ट्रान्सजेंडर आहोत, मुलगी आहोत, हे तिने आम्हाला सांगितलं तेव्हा मी दीड वर्ष तिच्याशी धड बोललो नाही. त्यात अभिमानाने सांगावं असं काही नाही. मग एकदाचा भानावर आलो. आणि एकदा आलो म्हटल्यावर मी कुठला थांबतोय? प्रतिज्ञापत्र, राजपत्र, पासपोर्ट, जिथे जिथे तिचं नाव बदलायचं तिथे मी हेलपाटे घातले. एका खिडकीतला साहेब म्हणाला, "असं करता येत नाही." मी म्हटलं, "येतं. परिपत्रक दाखवू?" जन्मभर खिडकीच्या आत बसलेला माणूस खिडकीच्या बाहेर उभा राहिला, की फार घातक होतो.

तर गेल्या हिवाळ्यात केतकीने मला महिनाभरासाठी बोलावलं. गुडघ्यांमुळे हिला येता आलं नाही. निघताना ही म्हणाली, "तिकडे न विचारलेलं सांगत बसू नका. पोरीची बढती व्हायची आहे."

झालं! मी विमानातच निश्चय केला. केतकीच्या ऑफिसातल्या कोणालाही माझ्या तोंडून काही कळता कामा नये. माझ्यामुळे तिची बढती हुकली, तर मी तोंड कुठे लपवू?

आता खरं म्हणजे पोरीला एक ओळ विचारायची होती, "बाळा, तुझ्या ऑफिसात माहीत आहे का?" एक ओळ! पण नाही. मी मनातल्या मनात फाइलवर 'गोपनीय' असा शिक्का मारून मोकळा झालो.

तिथे माझ्याकडे सकाळी कचरा टाकायचं काम होतं. हसू नका, ते काम सोपं नाही. सोमवारी जळणारा कचरा, बुधवारी प्लॅस्टिक, शुक्रवारी बाटल्या आणि डबे. चुकीच्या दिवशी चुकीची पिशवी ठेवलीत तर ती तिथेच राहते, वर एक चिठ्ठी चिकटवून. इतकी शिस्त मी आमच्या अभिलेख कक्षातही पाहिली नव्हती.

या कचऱ्याच्या खोलीत मला नाकामुरा-सान भेटायचे; 'सान' म्हणजे तिकडचं 'जी'. केतकीचे टीमप्रमुख. त्याच इमारतीत राहतात. कामासाठी दोन वर्षं पुण्यात काढलेली, त्यामुळे इंग्रजी उत्तम आणि मला थेट 'बाबा-सान' म्हणायचे.

सोमवारी कचऱ्याचा तक्ता बघायला मी फोन काढला. पडद्यावर जुना फोटो. मी, आणि माझ्याशेजारी बुद्धिबळाची ढाल घेतलेला दहा वर्षांचा मुलगा.

"तुमचा मुलगा?" नाकामुरा-सानने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "केतकीचा भाऊ."

"अरे! केतकी-सान कधी बोलली नाही."

"तो कॅनडात असतो."

कॅनडा का, असं तुम्ही विचाराल. हे गृहस्थ पुण्याला जाऊन येऊन असतात. भारतात ठेवला असता तर भेटायला गेले असते ना!

बुधवारी ते प्लॅस्टिकची पिशवी घेऊन हसतमुखाने आले. "बाबा-सान, मी पुढच्या महिन्यात कॅनडाला जातोय, कामासाठी. तुमच्या मुलाला भेटतो. इथून काही द्यायचं असेल तर नेतो."

बघा! भल्या माणसाइतका त्रास जगात कोणी देत नाही.

आता भेट टाळायची कशी? पण मी कोण? हजारो रजेचे अर्ज वाचलेला माणूस. मला पक्कं माहीत होतं, ताप थर्मामीटरमध्ये दिसतो, हाड एक्स-रेत दिसतं, पण कंबर कोणालाही खोटी ठरवता येत नाही.

"तो कोणाला भेटत नाही हो. मणक्याचं दुखणं. डॉक्टरांनी संपूर्ण विश्रांती सांगितली आहे."

"किती दिवस झाले?"

"आठ महिने."

आठ का? ते मलाही माहीत नाही. नाकामुरा-सान नुसते वाकले. इतके खाली, की मला त्यांच्या कॉलरचं लेबल दिसलं.

शुक्रवारी बाटल्या ठेवता ठेवता त्यांनी हळूच विचारलं, "त्याचं सगळं कोण करतं?"

"बायको."

"मुलं आहेत?"

"जुळी."

अहो, मी काय बोलतोय ते माझं मलाच ऐकू येत नव्हतं! आणखी पाच मिनिटं उभा राहिलो असतो तर कुत्राही पाळला असता.

पुढच्या सोमवारी केतकी ऑफिसातून लवकर आली. कोट न काढताच माझ्यासमोर बसली.

"बाबा, मला भाऊ आहे?"

मी वर्तमानपत्र शोधू लागलो. तिथे मराठी वर्तमानपत्र कुठलं?

"कॅनडात? अंथरुणाला खिळलेला? जुळ्यांचा बाप?"

"अगं, त्याचं काय झालं..."

"काय झालं ते मी सांगते. सकाळची मीटिंग संपली आणि नाकामुरा-सानने मला बाजूला घेतलं. म्हणाले, 'घरात एवढं दुःख असून तू एक दिवस रजा घेतली नाहीस.' मला वाटलं तुम्हाला काही झालं! आणि बाबा, अख्खी टीम जेवणाच्या सुट्टीत कागदाचे पक्षी करतेय. इथे कोणी खूप आजारी असलं की त्याला हजार पक्ष्यांची माळ करून देतात. मलाही पन्नास कागद दिलेत. माझ्या भावासाठी!"

"पण तुझी गोष्ट फुटू नये म्हणून मी..."

"कुठली गोष्ट? मी पहिल्याच वर्षी मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलंय सगळ्यांना. पाच मिनिटांत. नाकामुरा-सानने दोनच प्रश्न विचारले. सिस्टिममध्ये नाव कोणत्या तारखेपासून बदलायचं, आणि कंपनीच्या आरोग्य तपासणीत बायकांच्या वेळेत नाव घालायचं ना. मग म्हणाले, आता काल बंद पडलेल्या प्रोग्रॅमकडे वळू."

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"माझं काम लोक डोळे मिटून पुढे पाठवतात बाबा, कारण मी जे आहे ते सांगते. त्यावरच बढती देणार आहेत. आता माझ्या घरात भाऊच खोटे निघाले तर?" मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला मला लपवायचं होतं का?"

हे मात्र लागलं.

"लपवायचं नव्हतं गं. सांभाळायचं होतं."

"बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं."

मी खुर्ची तिच्याकडे ओढली आणि म्हटलं, "तुमच्याकडे काम बिघडलं की काय करतात?"

"अहवाल लिहितात. काय घडलं, का घडलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार."

म्हणजे खुलासा! आयुष्यभर मी लोकांकडून खुलासे मागवले, एकदा स्वतः लिहिला म्हणून काय बिघडलं? बसलो लिहायला. केतकी शेजारी बसून तपासत होती.

"'अनवधानाने' काढा."

"का? कचेरीत चालतं."

"अनवधानाने जुळी होत नाहीत, बाबा."

मग 'परिस्थितीवशात' काढलं. 'सदर इसम' काढलं. तीन पानांचं अर्धं पान झालं. कारण: मुलीला विचारलं नाही. उपाय: यापुढे विचारेन.

"मी मेलने पाठवते," केतकी म्हणाली.

"मुळीच नाही. मी स्वतः जाणार."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टाय बांधून तिच्या ऑफिसात हजर. अकरा माणसं डबे बाजूला सारून माझ्याकडे बघत होती. टेबलावर रंगीत कागद. मी वाचलं. सगळं. कॅनडा, कंबर, जुळी. आणि शेवटी कागद खाली ठेवून म्हटलं, "फोटोत केतकीच आहे. मला मुलगा नाही. मला एक मुलगी आहे, आणि ती त्या खिडकीपाशी बसली आहे."

नाकामुरा-सान उठले. त्यांनी कागदी पक्ष्यांची लांबलचक माळ आणली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"बाबा-सान, काल भावाचं नाव काढल्यावर केतकी-सानचा चेहरा पाहिला आणि शंका आली. मग तिने आम्हाला पूर्वी दाखवलेले फोटो काढले. तीच ढाल! पण निम्मे पक्षी झाले होते. थांबायचं की नाही, यावर टीमने चर्चा केली."

"मग?"

"कॅनडाबद्दल बोलताना एवढ्या थंडीत तुम्हाला घाम यायचा. सगळ्यांना वाटलं, आजारी कोणीतरी नक्की आहे. म्हणून पूर्ण केले. तुमच्यासाठी."

अकरा माणसं एकदम वाकली. मीही वाकलो. कोणी आधी सरळ व्हायचं ते मला माहीत नव्हतं, त्यामुळे बराच वेळ वाकून होतो.

खाली जायला केतकी माझ्याबरोबर लिफ्टमध्ये आली. माळ माझ्या गळ्यात, कारण हातात मावत नव्हती.

"तुला हे माहीत होतं?"

"सकाळी कळलं. त्यांनी मेसेज केला होता."

"मग मला अडवलं का नाहीस? एवढा तमाशा करू दिलास!"

"तुम्ही इतक्या निश्चयाने टाय बांधत होतात." मग मजल्यांच्या आकड्यांकडे बघत म्हणाली, "आणि मला ते शेवटचं ऐकायचं होतं. सगळ्यांसमोर."

आता सांगा, बापाने काय करावं? मी छाती पुढे काढली आणि पुन्हा म्हटलं, इंग्रजीत, खणखणीत आवाजात, "मला एक मुलगी आहे!"

लिफ्टमध्ये आणखी सात-आठ माणसं होती, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, गळ्यातल्या माळेकडे पाहिलं, आणि एकजात वाकून माझं अभिनंदन केलं! एका वयस्कर गृहस्थांना तर माझं वय बघून फारच आदर वाटलेला दिसला. त्यांनी इंग्रजीत नम्रपणे विचारलं, "कधी झाली?"

म्हटलं, "एकतीस वर्षं झाली. मला जरा उशिरा कळलं."