थेंबवालीचा कप्पा

तिला सगळे थेंबवाली म्हणत. आसपासच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पिल्लांना लस द्यायची म्हटली की तिच्या टोळीशिवाय कुणाचं पान हलत नसे. पाच बायका, पाच ड्रॉपर आणि थेंबवालीच्या तोंडाचा पट्टा. काम सुरू झालं की तोही सुरू. शेडच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या बाईची ती अशी हजेरी घ्यायची, की पिल्लंसुद्धा क्षणभर चिवचिव थांबवायची.

काम तसं साधं. पिल्लू डाव्या हातात धरायचं, डोळ्यात लसीचा एक थेंब टाकायचा, तो आत जिरेपर्यंत थांबायचं आणि मग सोडायचं. लसीत निळा रंग कालवलेला असतो. थेंब नीट आत गेला तर थोड्या वेळात पिल्लाची जीभ निळी दिसते, नाही गेला तर गुलाबीच राहते. म्हणून काम संपलं की थेंबवाली प्रत्येकीच्या कप्प्यातली वीस-वीस पिल्लं उचलून जिभा बघायची. विसात एक गुलाबी निघाली तर तिला चालायची. दोन निघाल्या की त्या बाईचं काही खरं नाही.

त्या दिवशी सात दिवसांची चार हजार पिल्लं होती आणि दोन शेड पलीकडे मानमोडी आली होती. हा रोग एकदा शिरला की पिल्लं माना वाकड्या करून पटापट मरतात. औषध काही नाही. वेळेवर दिलेली लस हाच काय तो उपाय. मालकाला सकाळपासून घास गिळवत नव्हता. थेंबवालीनं सगळ्यांना दारातल्या औषधाच्या पाण्यात बूट बुडवायला लावले, मालकालाही सोडलं नाही. मग पत्र्याचे आडोसे लावून शेडचे पाच कप्पे केले, एकेकीला एक.

दुपारपर्यंत काम उरकलं आणि जिभांची तपासणी सुरू झाली. तीन कप्पे पार पडले. चौथा तिच्या धाकट्या जावेचा. तिथं दोन जिभा गुलाबी निघाल्या. झालं!

"अगं, लस देतेस का काजळ घालतेस?" थेंबवाली कडाडली. "सगळ्यांच्या मागं राहतेस आणि तरी दोन कोरी? इकडे ये. निळी जीभ कशी असते ते दाखवते तुला."

ती तरातरा दाराजवळच्या स्वतःच्या कप्प्यात गेली, एक पिल्लू उचललं, चोच उघडली. जीभ गुलाबी.

"एखादं सुटतं," ती म्हणाली.

दुसरंही गुलाबी. तिसरं निळं निघालं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. चौथं गुलाबी, पाचवं गुलाबी. विसावं पिल्लू खाली ठेवलं तोवर अकरा गुलाबी जिभा मोजून झाल्या होत्या. इतक्या वर्षांत तिचा कप्पा कुणी तपासलाच नव्हता. तपासणार कोण? तपासणारी तीच.

मालक बाहेर होता. आडोसे काढून पिल्लं एकमेकांत मिसळू दिली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. हे तिला सुचलं नाही असं नाही. सुचलं, आणि स्वतःचीच भयंकर लाज वाटली.

"आडोसे कुणी हलवायचे नाहीत," ती म्हणाली. "मालकांना बोलवा."

मालक धावतच आला.

"माझा कप्पा फुकट गेलाय," तिनं तोंडावर सांगून टाकलं. "निम्म्याहून जास्त पिल्लांना लस पोचलेली नाही. सगळा परत करायचा. धाकटीचाही करू, पण आधी माझा."

"तुमचा कप्पा, मावशी?"

"हो, माझाच. बर्फाच्या डब्यातून लसीची नवी बाटली मागवा. सकाळी फोडलेली आता कामाची नाही."

मालकाचा माणूस बाटली आणायला गेला. थेंबवाली जावेसमोर बसली. "माझं काय चुकतंय? खरं सांग."

"राग येईल तुम्हाला."

"येऊ दे. तू सांग."

"ताई, तुम्ही बोलता-बोलता पिल्लू सोडून देता. थेंब अजून डोळ्यावरच असतो. पिल्लू मान झटकतं आणि थेंब जातो पिसांवर."

"कधीपासून बघतेस हे?"

"टोळीत आले तेव्हापासून."

"आणि एका शब्दानं बोलली नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कधी?"

नवी बाटली आली. आठशे पिल्लं पुन्हा एकेक करून हातात घेतली तिनं. धाकटी शेजारी बसून प्रत्येक डोळ्याकडे बघायची आणि थेंब जिरला की "सोडा" म्हणायची. तोवर थेंबवाली पिल्लू सोडत नव्हती. पाठीचा काटा ढिला झाला, बोटं आखडली, पण ती उठली नाही आणि तोंडातून अक्षरही काढलं नाही. बाकीच्या बायकांना ती शांतता खायला उठली.

संध्याकाळी धाकटीनं वीस जिभा तपासल्या. वीसही निळ्या. मग तिचा स्वतःचा कप्पाही दोघींनी मिळून तसाच उरकला.

निघताना मालक दारात उभा होता. तो हळू आवाजात म्हणाला, "मावशी, मागच्या वर्षी माझी तीनशे पिल्लं मानमोडीनं गेली. लस खराब होती असं आपण म्हटलं होतं. ती मरायला लागली ती याच दाराजवळून. तेव्हा हा कप्पा कुणाकडे होता?"

आठवत नाही म्हणाली असती तर त्यानं ऐकून घेतलं असतं.

"माझ्याकडे," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मला बोलवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण जिला बोलवाल, तिच्या पिल्लांच्या जिभा तुम्ही स्वतः बघा."