दिल्लीतली भाऊबीज

यंदा भाऊबीजेच्या सकाळी आई आणि मी बडोद्यात नव्हतो... दिल्लीत, शहीद स्मारकाच्या गेटवर रांगेत उभे होतो. परत आल्यापासून दोघातिघांनी विचारलं, थंडीचं काय न्यायचं, तपासणीत काय काढून घेतात. म्हणून लिहितोय.

आधी कारण सांगतो. माझा मामा फौजेत होता. मी रांगत होतो तेव्हाच तो गेला, त्यामुळे माझ्याजवळ त्याची आठवण अशी काहीच नाही. त्याचं नाव तिथल्या भिंतीवर कोरलंय हे कळल्यापासून आईचं एकच चालू होतं... एकदा भाऊबीजेला त्याच्यासमोर उभं राहायचं आणि त्याला ओवाळायचं.

मी बडोद्याला रावपुऱ्यात टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात काम करतो. बारावी अर्धवट सोडली, पण कुठे जायचं म्हटलं की तिथले नियम वाचून काढल्याशिवाय मला झोप लागत नाही. कुठलं ठिकाण कुठल्या वारी बंद, मेट्रोत काय नेता येत नाही, मामाचं नाव नक्की कुठल्या भिंतीवर... सगळं बघून ठेवलं.

बॅगेतून नेलकटर काढला, सुरी काढली. दोघांची आधारकार्डं वरच्या कप्प्यात ठेवली. दिवाळीनंतर तिथली हवा फार खराब असते आणि आईला दम्याचा त्रास आहे, म्हणून चांगले मास्क घेतले, पंप घेतला. स्वेटर, मफलर, पायमोजे. शेजारच्या हंसाबेन बघून म्हणाल्या, "भाई, दिल्ली जाय छे के हिमालय?" आई माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं होतं... तीच जास्त हसली.

एक गोष्ट मात्र तिला स्पष्ट सांगितली होती. आत दिवा लावता येणार नाही. काडेपेटी, तूप, वाती, काही नाही.

"बघू," आई म्हणाली.

"बघू नाही आई, नियम आहे."

"अरे बस ने आता! कळलं."

ज्यांना आई आहे त्यांना कळेल, यात काहीच कबूल केलेलं नव्हतं.

सकाळी बाहेर पडलो तर समोरचा रस्ता धुरकट. सूर्य होता, पण पिवळ्या डागासारखा. रांग हळूहळू पुढे सरकली. माझी बॅग मशीनमधून सरळ बाहेर आली, मला जरा बरं वाटलं. मग बायकांच्या बाजूला बघितलं तर आईची पर्स उघडलेली. तपासणीच्या बाईंनी रुमालाची पुरचुंडी सोडली... आत चांदीचं निरांजन, तुपात भिजवलेल्या फुलवाती, सुपारी आणि काडेपेटी.

"अम्मा, ये अंदर नहीं जाएगा."

मला घाम फुटला, स्वेटरमध्ये. मागचे लोक मान वर करून बघायला लागले. आई वाद घालेल, नाहीतर रडेल, या दोन्हीची मी तयारी केली. तिने फक्त विचारलं, "भाई है मेरा अंदर. अंगूठी चलेगी?"

बाईंनी तिच्या हाताकडे बघितलं. "पहनी हुई चीज़ कौन रोकता है, अम्मा," म्हणाल्या, आणि पुरचुंडी बाजूला ठेवून घेतली.

आपल्याकडे औक्षण करताना आधी अंगठी आणि सुपारीने ओवाळतात, मग निरांजनाने. म्हणजे आईच्या हाताशी त्यातलं निम्मंच उरलं होतं. सुपारीपण गेली होती.

मामाचं नाव सापडायला वेळ लागला नाही. ते आईच्या डोक्याच्या बरंच वर होतं. ती मान वर करून बघत राहिली. "उंचच होता तो," म्हणाली. "लहानपणीसुद्धा याला ओवाळायचं तर पाटावर बसवल्याशिवाय हात पुरायचा नाही."

बडोद्यात तिची अंगठी साबण लावूनसुद्धा निघत नाही. तिथे थंडीने बोटं आकसली होती, सहज निघाली. मग तिने तोंडावरचा मास्क काढला.

मी पुढे झालो. हवा कशी आहे ते सकाळीच फोनवर बघितलं होतं.

"तोंड झाकून ओवाळतात का कोणी? इतक्या वर्षांनी आले, ओळखायला नको त्याला?"

मी पंप हातात धरून मागे उभा राहिलो.

भिंतीला कुंकू लावू नकोस, एवढं सांगणार होतो, पण तिने टाचा उंचावून हवेतच कोरडं बोट वर नेलं, टिळा लावल्यासारखं. मग अंगठी ओवाळली. तोंडाने बोलत होती... घडियाळी पोळेच्या गल्लीतल्या काकू गेल्या, पोराला नोकरी लागली, गुडघे दुखतात. मध्येच खोकला आला. थांबली, आणि उरलेलं सांगून मगच मास्क लावला.

गेटवरून पुरचुंडी परत घेऊन बाकी दिल्ली आम्ही दुपारी थोडी बघितली. त्याबद्दल विचारणाऱ्यांना एवढंच सांगतो, पाण्याची बाटली, ओळखपत्र आणि भरपूर वेळ जवळ ठेवा.

संध्याकाळी मात्र मला वेगळीच काळजी लागली. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. मला कळतं तेव्हापासून आई दरवर्षी गच्चीत जाऊन तेच करते, एकही वर्ष चुकलेलं नाही. इथे तर धुरात आकाशच दिसत नव्हतं. मी लॉजच्या मॅनेजरला वर जायला मिळेल का विचारून आलो, आणि आईला म्हटलं, चल, बघू दिसतोय का चंद्र.

आई पलंगावर पाय पसरून बसली होती. "आज कशाला?" म्हणाली. "आज भाऊ भेटला ना."

आणि उशी सारखी करून आडवी झाली.