इंजिनावरचा बुरणूस

नारिनच्या टॅक्सी थांब्यावर जानुझाक म्हटलं की लोकांना आधी झोप आठवायची. त्याच्या गाडीत बसलेला माणूस गाव सुटेपर्यंत पेंगायला लागायचा आणि थेट राजधानीत, बिश्केकला, मान चोळत उतरायचा. गाडी जुनी जर्मन, वय तिशीपुढचं, रंग एकेकाळी हिरवा. हा प्रवाशांच्या चहात काहीतरी घालतो, असं आम्ही थांब्यावरचे म्हणायचो. गोष्ट साधी होती. बॉनेटखाली इंजिनावर लोकरीचा बुरणूस पांघरलेला असे आणि तापलेल्या लोकरीचा ऊबदार वास हीटरमधून आत येई. ज्यांचं बालपण डोंगरावरच्या लोकरी तंबूत गेलं, त्यांना झोपायला तेवढं पुरे.

हिवाळ्यात इंजिनाला पांघरूण इथे सगळेच घालतात, नाहीतर सकाळी गाडी हूं की चूं करत नाही. कुणी जुनी गोधडी घालतं, कुणी बाजारातलं कापड. जानुझाकचा बुरणूस त्याच्या बायकोने, अनारकुलने, केलेला होता. लोकर पिंजून, उकळतं पाणी ओतून, बोरूच्या चटईत गुंडाळून चार बायकांनी तो अर्धा दिवस तुडवला. मापासाठी ती स्वतः बॉनेटमध्ये डोकं घालून बसली होती. वर कडेने तिने मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी शिवली, तेव्हा नणंदेने टोमणा मारलाच.

"नक्षी कुणाला दिसणार गं, पिस्टनला?"

"रोज सकाळी ऑइल कोण बघतं? त्याला दिसेल."

मार्चमध्ये नवरोजचा सण आला की तीच तो काढायची, काठीने झोडपायची, उन्हात टाकायची. मागच्या सप्टेंबरात अनारकुल गेली. आजार कळला तेव्हा हातात बारा दिवस उरले होते. थंडी पडली तशी जानुझाकने एकट्याने बुरणूस घातला. मग नवरोज आला आणि गेला, नदीवरचा बर्फ फुटला, पण बुरणूस जागचा हलला नाही. काढायचा तो तिनेच, हा घरचा रिवाज. आपण काढला म्हणजे ती नाही हे आपल्या हाताने मान्य केलं, आणि तेवढं बळ त्याच्यात नव्हतं. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं. कुणीतरी तोंडावर सांगायला हवं होतं, पण आम्ही कानाडोळा केला.

जानेवारीपासून गाडी ऑइल गाळत होती. अंगणातल्या बर्फावर सकाळी काळे ठिपके दिसत. फेब्रुवारीत एका मोठ्या खड्ड्यात गाडी आदळली आणि त्यानंतर ठिपके बंदच झाले. जानुझाक रोज वाकून बघायचा. बर्फ पांढराशुभ्र. त्याला मनापासून वाटलं की अनारकुलनेच काहीतरी केलं. हे त्याने कुणाला सांगितलं नाही, पण गाडी सुरू करताना तो आता हलकेच "चल गं" म्हणायला लागला.

उसोन मेकॅनिक त्याचा लहानपणचा मित्र, आणि तो असल्या गोष्टींनी पाघळणारा नव्हता.

"ठिपके बंद झाले म्हणतोस, मग पट्टीवर ऑइल दर आठवड्याला खाली का येतं? पितं कोण?"

"म्हातारी झाली गाडी. पीत असेल."

"तुझ्या टॅपेट कव्हरचं, इंजिनावरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलंय. बुरणूस उचल, मला बघू दे."

"हात नको लावूस."

"अरे, एप्रिल आलाय. माणसंसुद्धा कोट काढतात."

जानुझाकने बॉनेट खाली घातलं आणि चहा न घेताच निघून गेला.

एप्रिलच्या शेवटी तो बिश्केकला निघाला तेव्हा गाडीत प्रवासी दोघंच होते. पुढे उपेल आपा, त्याच्याच गल्लीतल्या ऐंशीच्या घरातल्या बाई, लेकीकडे निघालेल्या. मागे इसाबेक मास्तर, डोक्यावर पांढरी उंच लोकरी टोपी, नातवाच्या लग्नाला. दोलोनचा घाट चढू लागला तसे दोघंही पेंगले. दुपारचं ऊन काचेतून मांडीवर पडलं होतं. रस्त्याच्या कडेचा बर्फ वितळून वाहत होता, त्याचा आवाज गाडीच्या घरघरीत मिसळत होता, आणि जानुझाकला वाटलं की मागच्या सीटवर आणखी कुणीतरी आहे, गुडघ्यांवर हात ठेवून, नेहमीसारखं बाहेर बघत. त्याने आरशात बघितलं नाही. बघितलं तर ती जाईल, एवढं त्याला ठाऊक होतं.

मग वास बदलला. तापलेली लोकर जाऊन जळक्या केसांचा वास आला. पाहुण्यांसाठी मेंढी कापली की तिचं डोकं आणि खूर जाळावर भाजतात, अगदी तसाच.

"कुणाकडे तरी पाहुणे आलेत," मास्तर डोळे न उघडता म्हणाले.

"मेंढी चांगली असणार," आपा म्हणाल्या. "चरबीचा वास बघ."

जानुझाकही हसला. त्याला अनारकुल दिसली, दारापुढे बसून सुरीने मेंढीचं काळं झालेलं डोकं खरवडणारी, कपाळावर काजळी लागलेली. गाडी आणखी दोन वळणं चढली. भाजल्याचा वास वाढतच गेला आणि त्याला भूक लागली.

"पण जानुझाक," मास्तरांनी डोळे उघडले, "इथे घर कुणाचं आहे?"

घाटात एकही घर नव्हतं. तंबूवाले जूनशिवाय इथे चढत नाहीत. बॉनेटच्या कडेने निळसर धूर निघत होता.

गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करेपर्यंत जानुझाकचे हात शहाण्यासारखे वागले. आपांना त्याने धरून उतरवलं, मास्तरांना लांब व्हायला सांगितलं. आग विझवायची बाटली काढली, ती दोनदा खोकली आणि गप्प झाली. मग त्याने आतली कळ ओढली. बॉनेट बोटभर उचललं गेलं. फटीतून पिवळी जीभ बाहेर आली, आणि तिच्या मागे लाल नक्षी.

बॉनेट पूर्ण उघडायचं नाही. हवा मिळाली की आग गाडी खाते. वीतभर फट ठेवून माती टाकायची. नव्या ड्रायव्हरांना हे त्यानेच वीस वर्षं शिकवलं होतं. आता त्याचे दोन्ही हात बॉनेटखाली गेले होते, ते सताड उघडून बुरणूस ओढून काढायला.

उपेल आपा लांब गेल्याच नव्हत्या. अनारकुलला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांत त्या होत्या. त्यांनी त्याच्या कोटाची बाही धरली.

"जानुझाक, ती तिथे नाहीये."

तो थांबला. बाही हातावर ओढून त्याने बॉनेट वीतभर उचलून धरलं आणि तसाच उभा राहिला. बर्फात रस्त्यावर टाकायची वाळू कडेला ढिगाने पडली होती, पण फावडं नव्हतं. मास्तरांनी इकडेतिकडे बघितलं आणि हात डोक्याकडे नेला. ती टोपी आम्ही जमिनीवर ठेवत नाही, दुसऱ्याला घालू देत नाही. त्यांनी क्षणभर डोळे मिटले, मग ती काढून वाळूत खुपसली.

"लग्नाला बोडक्याने जावं लागणार," ते म्हणाले आणि पहिली टोपीभर वाळू आत फेकली.

बऱ्याच टोप्या लागल्या. अखेर धूर पांढरा झाला, मग विरळ, मग नुसता वास उरला.

बऱ्याच वेळाने जानुझाकने बॉनेट उघडलं. बुरणुसाचा वरचा भाग जळून गेला होता, नक्षीतलं एक शिंग तेवढं शाबूत होतं. खालचा भाग उचलायला गेला तर उचलेना. फेब्रुवारीतल्या त्या खड्ड्यात बुरणूस घसरून कव्हर आणि सायलेन्सरच्या तापलेल्या पाइपाच्या मध्ये जाऊन बसला होता. गाडीची सगळी गळती तो दोन महिने पीत होता. भिजलेल्या कोकरासारखा जड झाला होता, हातातून काळं ऑइल मनगटापर्यंत आलं.

तो धरूनच जानुझाक रस्त्यावर बसला. अनारकुल गेल्यावर ट्रंकेत त्याला फडक्यांच्या घड्या सापडल्या होत्या, धुऊनही डाग न गेलेल्या. कित्येक महिने तिला रक्त जात होतं. घरात थेंब दिसला नाही. तो विचारायचा, बरं आहे ना? ती म्हणायची, चहा घे, गार होतोय. आणि तो चहा घ्यायचा.

"तुम्हाला माहीत होतं, आपा?"

"आंघोळ घालताना कळलं." त्या त्याच्या शेजारी टेकल्या. "लपवायला हुशार होती."

"मीपण बघितलं नाही."

आपांनी नाही म्हटलं नाही. जानुझाक रडला तेव्हा त्यांनी तोंड दुसरीकडे केलं नाही, मास्तरांनी मात्र टोपीतली वाळू पुन्हा पुन्हा झटकली.

उघड्या इंजिनावर आता काहीच नव्हतं. झाकणाच्या कडेला एक काळा थेंब जमला, ताणला आणि खाली रस्त्यावर पडला. थोड्या वेळाने दुसरा. जानुझाक बघत राहिला. मग कोटाला हात पुसून त्याने उसोनला फोन लावला.

"गळतंय रे," तो म्हणाला. "ये."