उजवीकडचं दार

आधीच सांगून टाकतो. माझी बायको आता गाडी चालवत नाही आणि त्याला कारण मी आहे. वाळू नाही, गाडी नाही, आणि तो आमचा ग्रुप लीडर बिचारा तर नाहीच नाही. लोक समजूत घालतात, "अहो, वाळवंट आहे, व्हायचंच." व्हायचंच काय डोंबल! मी तोंड बंद ठेवलं असतं तर काही झालं नसतं.

आम्ही आखातात, अबकैकला राहतो. मी तेलाच्या प्लँटमध्ये इंजिनिअर, मूळचा नाशिकचा. लग्न होऊन ती इथे आली त्याला बावीस वर्षं झाली. माहेरी ती वडिलांची जीप चालवायची. द्राक्षांच्या हंगामात क्रेटनी भरलेली जीप बागेतून पॅकिंग शेडपर्यंत ती एकटी न्यायची, चिखल असो नाहीतर चर असो. आम्ही तिला बघायला गेलो तेव्हा एसटी स्टँडवर आम्हाला घ्यायला हीच आली होती. माझे वडील मागे दांडा घट्ट धरून बसले होते आणि मला मात्र ती तिथेच पसंत पडली. मुलगी दाखवायचा कार्यक्रम नंतर झाला, तो नुसता पोह्यांपुरता.

आणि अशा बाईला मी कुठे आणलं, तर जिथे तेव्हा बाईला स्टिअरिंगला हात लावायची परवानगी नव्हती. किराणा असो, दवाखाना असो, लेकीची शाळा असो, सगळं माझी शिफ्ट संपेपर्यंत थांबायचं. "तुम्ही आलात की जाऊ," हे तिचं रोजचं वाक्य झालं. मग कायदा बदलला, बायका गाड्या चालवू लागल्या. ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं, "आता कशाला तो व्याप? मी आहे ना." प्रेमाने म्हणालो होतो, देवाशप्पथ. पण त्या "मी आहे ना"मध्ये आणखी काही वर्षं गेली.

लेक कॉलेजला पुण्याला गेली आणि घर बसलंच. मी साडेचारला परत यायचो तेव्हा ही सकाळच्याच गाऊनमध्ये, पडदे ओढलेले, नाश्त्याच्या बशा तशाच. लेकीशी फोनवर मराठीत बोलायची, तिकडून "ओके मम्मा, बाय" यायचं, आणि मग तो फोन हातात धरून कितीतरी वेळ बसून राहायची. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की यांना घराबाहेर काढा. बाहेर म्हणजे कुठे? मी तिला मॉलमध्ये फिरवून आणायचो. ती माझ्या मागे मागे चालायची आणि घरी आलं की परत आडवी व्हायची. मला भीती वाटायला लागली होती. एक दिवस आपण घरी येऊ आणि ही कायमची आत बुडालेली असेल, असं काहीतरी डोक्यात यायचं.

मग एका सकाळी तीच म्हणाली, "मला इथलं लायसन काढायचंय."

काढलं. मी जुनी फोर बाय फोर घेतली, कारण तिला उंच गाडी हवी होती, जीपसारखी. सुरुवातीला रोज एक गंमत व्हायची. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि इथे डावीकडे. ही किल्ली घेऊन ऐटीत उजव्या दाराशी जायची, दार उघडायची, बघते तर काय, स्टिअरिंगच नाही! मी पलीकडून ओरडायचो, "अगं चुकलीस, इकडे ये!" ती "हात्तिच्या!" म्हणून हसत सुटायची आणि बॉनेटला वळसा घालून यायची. महिनाभर हेच चाललं. मला तर वाटतं, शेवटी शेवटी ती मुद्दामच चुकत होती.

पडदे उघडले. एकदा मी घरी आलो तर ओट्यावर कोथिंबिरीची जुडी. "कुणी आणली?" तर म्हणाली, "मी. एकटी गेले होते." आता कोथिंबीर ती काय, पण मी तिथेच बुटांसकट उभा राहिलो.

माझा दोष तेवढा गेला नाही. जित्याची खोड. मी शेजारी बसलो की माझं सुरू, "हळू... ब्रेक... अगं ब्रेक!" पुढची गाडी पन्नास मीटरवर असली तरी ब्रेक. ती चिडायची, पण पाय दाबायचाच. माझा आवाज तिच्या पायात जाऊन बसला होता. हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

दमामला गाड्यांच्या पार्टचं दुकान असलेले रत्नागिरीकडचे एक भाई आमच्या ओळखीचे. ते दर शुक्रवारी सकाळी एका ग्रुपबरोबर वाळूत गाड्या घालायचे. एकदा ते म्हणाले, "नवशिक्यांसाठी फेरी काढतायत ओ. चार गाड्या फक्त." मी नको म्हणायच्या आत ही म्हणाली, "मी येणार. आणि मी चालवणार."

ग्रुपचा लीडर केरळचा, वयाने माझ्याएवढाच, सगळ्यांशी हिंदीतून बोलणारा. त्याने आल्या आल्या मला तिच्या गाडीतून उतरवलं. "मियाँ-बीवी एक गाडी में नहीं. पहले गाडी फँसेगी, फिर शादी फँसेगी." मला भाईंच्या गाडीत बसवलं. ही आपल्या गाडीत एकटी. शेजारी दुसरं कुणी देऊ का, असं लीडरने विचारलं, तर तिनेच नको म्हटलं.

वाळूत शिरण्याआधी टायरमधली हवा कमी करतात, म्हणजे टायर पसरतो आणि रुतत नाही. ही चाकापाशी उकिडवी बसून हवा काढत होती. मी वरून, "जास्त काढू नकोस, बघ हं," असं चालू ठेवलं होतं. ती मान वर करून म्हणाली, "तुमचीही थोडी काढू का?" भाई खो खो हसले.

मग लीडरने प्रत्येक गाडीत एकेक रेडिओ दिला. बटण दाबून बोलायचं, असा. नियम दोनच सांगितले. पहिला, उतारावर नो ब्रेक. ब्रेक मारला की पुढची चाकं रुततात, मागचा भाग फिरतो आणि गाडी आडवी होते. हे त्याने तीनदा सांगितलं, "नो ब्रेक, नो ब्रेक, नो ब्रेक." दुसरा, कुणी उतरत असेल तेव्हा रेडिओवर फक्त लीडर बोलणार. "एक गाडी, एक आवाज. और जब बोलो, पूरा बोलो, फिर बटन छोडो."

समोर कुणाचे तरी उंट चरत होते. तिकडे बघत ही मला म्हणाली, "ऐकलंत ना? आज उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत." मी तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

"यल्ला," लीडर म्हणाला आणि आम्ही निघालो.

पहिला तास असा गेला की मी तो अजून पुन्हा पुन्हा आठवतो, आणि आठवला की जीव नकोसा होतो. ती सुरेख चालवत होती. लीडर पुढे, मग एक गाडी, मग ही, शेवटी आम्ही. प्रत्येक उतार संपला की रेडिओवर तिचा आवाज यायचा, "तीन नंबर, उतर गयी. क्लिअर." त्या "क्लिअर"मध्ये इतका तोरा होता! रुतली कुणाची गाडी, तर भाईंची. आम्ही दोघं बाप्ये चाकाभोवती विचार करत उभे, तेवढ्यात ही खाली उतरून फावडं घेऊन आली. भाई म्हणाले, "भाभी, राहू द्या ओ." म्हणाली, "का? बागेत मी काय नुसती जीपच चालवत होते?" केसात वाळू, नाक उन्हाने लाल, ओढणी कमरेला खोचलेली. एसटी स्टँडवरची मुलगी होती ती. मी भाईंना म्हणालोसुद्धा, "भाई, आमची गाडी रुळावर आली हो." माझीच दृष्ट लागली असेल.

मग तो मोठा उतार आला. लीडर आणि दुसरी गाडी खाली जाऊन थांबल्या. आम्हाला बाजूच्या टेकाडावर उभं केलं होतं, तिथून सगळा उतार दिसत होता. ती माथ्यावर आली, गाडीचं नाक खाली झुकलं, पण जरा तिरकं. लीडरचा आवाज रेडिओवर अगदी शांत, "सीधा, सीधा. थोडा गॅस. बहुत अच्छा." आणि ती सरळ करत होती. मी पाहिलं ना! चाकं वळत होती, गाडी सरळ होत होती.

"सायब, गप ऱ्हावा," भाई म्हणाले. माझा हात रेडिओकडे गेलेला त्यांना दिसला होता.

मला नियम आठवत होता, हीच तर माझी शोकांतिका. मला बरोबर तेच सांगायचं होतं. मी बटण दाबलं आणि ओरडलो, "अगं, ब्रेक मारू नको!" पण घाबरलेल्या माणसाचा अंगठा. तो तोंडाच्या आधी सुटला.

इंग्रजीत "नो" आधी येतो. हिंदीतला "मत" निदान मध्ये तरी असतो. आपलं "नको" मात्र सगळ्यात शेवटी, वाक्याच्या शेपटाला. "मारू"मधला "रू"सुद्धा धड गेला नसेल. तिच्या गाडीत पोचलं ते एवढंच, "अगं, ब्रेक मार."

गाडीचे मागचे लाल दिवे लागले.

मागचा भाग हळूच फिरला. इतका हळू की मला वाटलं थांबेल. गाडी आडवी झाली, एक पूर्ण कोलांटी खाल्ली आणि कुशीवर पडून राहिली. "खलास," असं कुणीतरी म्हणालं. मीच असेन. मी उतारावरून पडत, धडपडत पळालो. काच फुटली होती आणि ती पट्ट्याला लटकलेली, डोळे उघडे. मागच्या दारातून तिला बाहेर काढलं. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, बाकी खरचटलेलं. ती रडली नाही. मीच रडत होतो आणि लीडर मला बाजूला करत होता.

हॉस्पिटलकडे जाताना भाई गाडी चालवत होते आणि आम्ही दोघं मागे. मी तिला म्हणालो, "अगं, मी 'मारू नको' म्हणालो होतो."

"तुम्ही ब्रेक म्हणालात," ती म्हणाली. "मी मारला."

भाई आरशातून म्हणाले, "नाय भाभी, खरंच. नको बोलले ते. मी बाजूलाच होतो, माझ्या कानांनी ऐकलं."

"म्हणाले असतील," ती म्हणाली. "मला त्यांचा ब्रेकच ऐकू येतो." आणि तिने डोळे मिटून घेतले. त्यात राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता, नुसती एक माहिती दिल्यासारखं म्हणाली ती.

हाड दोन महिन्यांत जुळलं. गाडीही दुरुस्त होऊन आली. लीडर एकदा केळ्याचे वेफर्स घेऊन घरी आला होता. माझ्यासमोर तिला म्हणाला, "मॅडम, मेरे नये लोगों में आप सबसे अच्छी थीं. दो सेकंद और मिलता तो निकाल लेतीं." तिने त्याला चहा दिला. मला वाटलं, तू हे सांगायला नको होतंस रे बाबा. ते दोन सेकंद मी आता कुठून आणून देऊ?

मी काय नाही केलं? म्हणालो, मी शेजारी बसणार नाही. म्हणालो, मागे बसतो. गाडीतच बसत नाही, तू एकटी जा. हात जोडले, एकदा चिडलोसुद्धा, म्हणजे बघा, चिडलो मी! ती ऐकून घेते. लेक फोनवर विचारते तेव्हा सांगते, "खांदा दुखतो गं अजून." खांदा दुखत नाही, मला माहीत आहे. लायसन टेबलाच्या खणात पडलंय. पडदे परत ओढलेले असतात. आणि परवा मी ड्यूटीला निघताना भाजी संपल्याचं बोलता बोलता ती म्हणाली, "तुम्ही आलात की जाऊ." इतक्या वर्षांनी तेच वाक्य, जसंच्या तसं. मी लिफ्टमध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकलं.

त्या संध्याकाळी आम्ही भाजीला निघालो. किल्ली माझ्याकडे होती. ती माझ्यापुढे चालत गाडीपाशी गेली आणि उजव्या दाराशी जाऊन उभी राहिली. मला काय झालं कोण जाणे. वेडी आशा, दुसरं काय. मी किल्ली उंच धरली आणि बॉनेटवरून ओरडलो, "अगं चुकलीस, इकडे ये!"

तिने किल्लीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाही हो चुकले," ती म्हणाली आणि दार उघडून आत बसली.

मी डावीकडे बसलो आणि गाडी काढली. वाटेत एका सिग्नलला मी ब्रेक उशिरा मारला, गाडी जवळजवळ पुढच्याला लागलीच होती. ती काही बोलली नाही. मीही नाही. गप्प बसणं मला आता छान जमतं.