डावा ब्रेक

ती सायकल अजून पडवीत उभी आहे. मी तिला हात लावत नाही.

बायकोची बदली पूर्णगडजवळच्या शाळेत झाली तेव्हा घरात सायकलीचा विषय निघाला. आमचं घर पावसला. एसटीची वेळ शाळेच्या घंटेशी जुळेना आणि स्कूटरचं नाव काढलं की ती हात जोडायची. सायकल मात्र तिला लहानपणापासून येत होती. मी बर्फाच्या कारखान्यात फिटर. म्हटलं, तू फक्त बस, बाकीचं माझ्यावर सोड.

रत्नागिरीतल्या दुकानदाराने आधी ओणवं होऊन चालवायची, झगझगीत गिअरवाली सायकल पुढे केली. "हल्ली हीच चालते," म्हणाला. मी म्हटलं, "हिला पोरांना शिकवायला जायचंय, शर्यतीला नाही." दुकानदार मंडळींवर माझा मुळातच राग. मधला दांडा नसलेली, उंच हँडलची, रुंद सीटची सायकल मीच कोपऱ्यातून ओढून काढली. घरी आणून सीट अशी बसवली, की पॅडलवर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा आणि चवडा ठेवला तर गुडघ्यात जरासा बाक राहावा. पाठ ताठ, कोपरं सैल. अंगणात दोन फेऱ्या मारून ती म्हणाली, "अहो, खुर्चीत बसल्यासारखं वाटतंय." मला आकाश ठेंगणं झालं.

दोनेक महिन्यांनी ती म्हणाली, डावा ब्रेक कडक लागतोय. मी केबलला तेल दिलं, मग केबलच बदलली. तरी तेच. शेवटी दोन्ही ब्रेक उजव्या हाताच्या एकाच लिव्हरला जोडून दिले आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. मग तिचा डावा पाय पॅडलवरून घसरायला लागला. मी खरबरीत पॅडल बसवलं. मग चढ जड जायला लागले, तेव्हा मागची चक्री मोठी टाकली. उतरताना तोल जातो म्हणाली, तर सीट खाली घेतली, दोन्ही पाय जमिनीला टेकतील अशी. दर वेळी ती फेरी मारून यायची आणि म्हणायची, "आता बरं आहे." मी पाने पुसून डब्यात ठेवायचो, स्वतःवर खूश.

एका सकाळी तिच्या हातातून भरलेली कळशी सुटली. त्यावर बसवायला माझ्याकडे काही नव्हतं.

डॉक्टरांनी तिला बोटं आवळायला सांगितली, पावलं वर उचलायला सांगितली. डावं पाऊल उचललंच नाही. "हे कधीपासून?" त्यांनी विचारलं. ती माझ्याकडे बघायला लागली, आणि मला एकाएकी सगळं ओळीने आठवलं. ब्रेक गणपतीच्या आधी. पॅडल दिवाळीत. चक्री शिमग्याच्या सुमारास. मी सांगत गेलो, ते लिहीत गेले. एवढं नेमकं कोणी सांगत नाही, असंही म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मानेचा फोटो काढून आणल्यावर ते स्पष्टच बोलले. मणक्यात नस दाबली गेली आहे. ऑपरेशनने पुढचं थांबेल, पण हातापायातलं गेलेलं बळ परत येईलच असं नाही. ब्रेक कडक लागला तेव्हाच यायला हवं होतं.

परतताना एसटीत मी तिच्यावरच चिडलो. भीती वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड. "अगो, एवढं होत होतं तर मला सांगायचं नाहीस? सायकलीचं काय सांगत बसलीस?"

ती खिडकीबाहेर बघत होती. आवाज चढवला नाही.

"सांगितलं होतं की. हाताला मुंग्या येतात म्हटलं, तेव्हा तुम्ही टीव्हीवरची नजर काढली नाहीत. सायकलीचं म्हटलं की मात्र लगेच उठायचात."