रंजनाची दुसरी खेप

कनकलता नर्सचं आणि कॉफीचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एक घोट पोटात गेला की पित्त उसळायचं. तरी बावीस वर्षं तमिळनाडूत, तंजावूरजवळच्या पापनाशमच्या आसपासच्या खेड्यांत मोपेड हाकताना, पोटुशी बाई असलेल्या घरात शिरल्या शिरल्या ती एकच हाक द्यायची, "अम्मा, घोटभर कॉफी!"

सासू उठून आत गेली की सून एकटी सापडायची. जेमतेम सात-आठ मिनिटं. तेवढ्यात कनकलता तिच्या गुडघ्याला गुडघा भिडवून बसायची. "खरं सांग ग, याआधी दिवस राहिले होते? पडलं? पाडलं? लवकर झालं? मी ओरडत नाही." आणि मुली सांगायच्या. नवऱ्याला न सांगितलेलंही सांगायच्या. सासू पेला घेऊन आली की हिचा आवाज टिपेला: "अय्यो, एवढी साखर! मला मारता काय, अम्मा?"

हाताखाली आलेल्या नव्या नर्सांना ती बजावायची, "दहा बाळंतपणांत एखादं मूल घाईचं, दिवस भरायच्या आतच येणारं निघतं. रक्त कमी, रक्तदाब चढलेला, साखर, जुळं, लघवीची आग लाजेनं लपवलेली, पहिलं अंगावर पीत असताना दुसरं राहिलेलं, हे सगळं बघा. पण आधी मागचं विचारा. जिचं एकदा लवकर झालं, तिचं पुन्हा होण्याची भीती सगळ्यांत मोठी."

मग चंद्रमतीमावशींच्या सुनेला दिवस गेले. मावशी म्हणजे कनकलताच्या आईची मावसबहीण. गावातलं मराठी बोलणारं एवढं एकच घर. दारात हाक द्यायचा अवकाश, मावशी खुर्चीतूनच कडाडल्या, "ये ग कनका! रंजना, अक्का आली, कॉफी टाक!"

रंजना उठली.

"तिला कशाला, मावशी? मला तुमच्या हातची हवी."

"सून घरात असताना मी चुलीशी? घरचं माणूस तू. तिनंच करायला हवी."

रंजना आत गेली. मावशी तिथंच.

"पहिलीच खेप ना हिची?"

"पहिलीच. तीन वर्षांनी आता कोठे देव पावला."

आत चमचा ढवळायचा थांबला. कनकलताच्या कानांनी ते टिपलं. दुसरं कोणतंही घर असतं तर "पाणी द्या" म्हणत ती स्वैपाकघरात घुसली असती, नाहीतर सरळ म्हणाली असती, अम्मा, जरा बाहेर बसा. पण लहानपणी जिनं केस विंचरून दिले, तिला बाहेर बसा म्हणायला जीभ वळेना. तिनं कार्डावर लिहिलं, पहिली. पुढच्या प्रत्येक फेरीत हेच. तपासणीलाही मावशी सुनेच्या दंडाला धरून हजर.

सत्ताविसाव्या आठवड्यात मावशींच्या मुलाचा, मुरलीचा, फोन आला. "अक्का, कालपासून कंबर धरलीय हिनं. अम्मानं जिऱ्याचा काढा दिला, उतार नाही."

"कालपासून? आणि आत्ता सांगतोस? उचल, तंजावूरला ने!"

कनकलता पोहोचली तेव्हा मुलगी जन्मून काचेच्या पेटीत गेली होती. नऊशे ग्रॅम. डॉक्टरीणबाईंच्या हातात कार्ड होतं.

"हे तुम्ही भरलंत? ती म्हणते, दोन वर्षांमागे चेन्नईत सहाव्या महिन्यात मुलगा झाला. तासाभरात गेला."

कनकलतानं कार्डावरचं आपलंच अक्षर पाहिलं.

"ठाऊक असतं तर गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी मोजत राहिलो असतो. औषध दिलं असतं, गरज पडली तर टाका घातला असता."

"मग हे टळलं असतं?"

"ते कुणीच छातीठोक सांगणार नाही. पुष्कळदा कारणच सापडत नाही. पण हिचं कारण समोर होतं."

खाटेवर रंजना भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"सांगितलं का नाहीस ग मला?"

"अम्मांनी शपथ घातली होती. जे राहिलं नाही ते मोजायचं नाही म्हणे, नाहीतर हेही जाईल." मग म्हणाली, "तुमची मोपेड वाजली की वाटायचं, आज अक्का आत स्वैपाकघरात येतील. आत आला असतात तर सांगितलं असतं."

कनकलतानं तिच्या पायावर हात ठेवला. रंजनानं पाय ओढून घेतला.

चौथ्या दिवशी मुलगी गेली. बाहेर मावशी नातेवाइकांना सांगत होत्या, "स्कूटरवरून देवळाला गेली ना, त्यानं झालं."

"त्यानं नाही झालं, मावशी," कनकलता म्हणाली. कुणी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

पाच महिन्यांनी ती त्या घरी गेली तर कुलूप. मुरलीची बदली होसूरला झाली होती. तिनं रंजनाचा नंबर लावला. फोन मावशींनी उचलला.

"बरं झालं केलास. रंजनाला तिसरा महिना लागला."

"इतक्यात? मावशी, दीड वर्ष तरी जाऊ द्या म्हटलं होतं मी! तिथल्या नर्सला मागचं सांगितलंत ना? दोन्ही?"

"काय सांगायचं? नवा गाव, नवी माणसं. पहिलंच म्हटलं."

"फोन तिला द्या."

"कामात आहे ती."

"मावशी, तुम्ही जरा बाहेर जा आणि फोन तिच्या हातात द्या. मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय." एका दमात बोलून गेली. स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना.

मग मावशी हळू म्हणाल्या, "घरचं माणूस म्हणून घरात घेतलं ग तुला." आणि फोन कटला.

पुन्हा लावला, वाजत राहिला. तिसऱ्यांदा लावला, बंद. मग तिनं मुरलीला गाठलं. होसूरच्या नर्सचं नाव विचारलं, दवाखाना विचारला.

"मला काय ठाऊक, अक्का," तो म्हणाला. "ते सगळं अम्माच बघते."