नाल तेवढे काढून द्या

कुणी विचारलं, "काय करता तुम्ही?" की आमचे हे सांगतात, "घोड्यांचे पाय धरतो." तीस वर्षं हाच विनोद. समोरचा हसला नाही तर स्वतःच हसतात. मी मात्र सरळ सांगते, माझा नवरा नालबंद आहे. घोड्यांची नखं कापतो, नाल ठोकतो आणि घोड्यांच्या मालकांशी गोड बोलतो. ते शेवटचं काम माझ्याच्याने होत नाही, म्हणून मी फक्त घोड्याचं तोंड धरते.

ह्यांची पाठ धरायला लागली तेव्हापासून मी बरोबर जाते. आमच्या टेम्पोत मागे ऐरण, छोटी भट्टी, कानशी, खिळ्यांचे डबे, आणि पुढे आम्ही दोघं भांडत. लग्न झाल्यावर पहिल्यांदा गरम नालाखाली जळणाऱ्या नखाचा वास नाकात गेला, तेव्हा मी दोन दिवस धड जेवले नव्हते. आता त्या वासाने भूक लागते, काय सांगायचं!

घोड्याचं खूर म्हणजे नखच. ते वाढतच राहतं. सहा आठवडे झाले की नाल काढायचा, वाढलेलं कापायचं, नाल परत ठोकायचा. इतकं साधं. पण मालक एकेक नमुना असतो बघा. एक बाई आहेत, घोड्याला तेल लावून खुरं अशी चकचकीत करतात की त्यात भांग पाडावा, आणि पाय उचलला की खालून कुजका वास. एक साहेब आहेत, ते कायम म्हणतात, "मागच्याच महिन्यात तर केलं होतं की हो!"

अशा वेळी हे वाद घालत नाहीत. खुरावर बोट ठेवतात. खूर वरून खाली वाढतं, आणि त्यावर आडव्या रेघा असतात. ताप येऊन गेला, खाणं बदललं, उपास पडला, सगळं तिथे उमटतं. हे अगदी हळू आवाजात म्हणतात, "चार महिने झाले, साहेब. आणि मध्ये हा आठवडाभर तापाने पडून होता, नाही का?" साहेबांचं तोंड तेव्हा बघण्यासारखं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही येतो. ह्या माणसाला स्वतःच्या घरात मिठाचा डबा सापडत नाही, आणि घोड्याच्या नखावर त्याचं वर्षभराचं दुखणं-खुपणं दिसतं!

आता दूधवाल्याचं सांगते. घोडागाडीतून घरोघर दूध घालतो तो.

त्याचा फोन आला तो मीच उचलला. म्हणाला, "वहिनी, घोडीचा पाय मोडलाय. पायच टेकत नाही. जनावरं न्यायचा ट्रक बोलावलाय, दुपारी येईल. त्याआधी तुम्ही येऊन नाल तेवढे काढून द्या. झिजलेले नाहीत, कुणाच्या तरी कामाला येतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाने आम्हाला सात महिने बोलावलं नव्हतं. मध्ये दोनदा मीच फोन केला, तर उत्तर काय? "नाल आहे तसा आहे वहिनी, बदलायचा कशाला?" अहो, लोखंड झिजलं नाही म्हणून नख वाढायचं थांबतं का? नख वाढतं, नाल जागचा सरकतो, भलतीकडेच रुततो. आणि आता घोडी मरायला निघाली, तर ह्याला नालाची काळजी! वाटेत मी हे सगळं ह्यांना दोनदा ऐकवलं. हे गाडी चालवत होते.

पोचलो तर ट्रक आधीच येऊन फाटकात उभा. ड्रायव्हर पायरीवर बसून केळं खात होता. आत अंगण स्वच्छ झाडलेलं, दुधाचे कॅन धुऊन भिंतीशी उलटे घातलेले, दुधाची घोडागाडी उभी केलेली. कोपऱ्यात तांबडी घोडी पुढचा उजवा पाय अधांतरी धरून उभी होती आणि सगळी थरथरत होती. वाढलेलं नख नालाच्या बाहेर आलेलं, कडा फाटलेल्या.

मी दूधवाल्याला धारेवर धरलं. लाज कशी वाटत नाही, रोज हिच्या जिवावर दूध विकता, सात महिन्यांत एकदा तिच्या पायाकडे बघावंसं वाटलं नाही? साठीचा माणूस, पण मी काही बाकी ठेवलं नाही. तो भिंतीला हात लावून उभा होता.  माझं लक्ष घोडीकडे होतं. ह्यांचं लक्ष का कोण जाणे, त्याच्याकडे होतं.

"अगं, पुरे," हे म्हणाले. मग घोडीजवळ उकिडवे बसले. तळहात उलटा करून खुराला लावला. मग खुराच्या वरच्या सांध्यामागे, जिथे नाडी असते, तिथे दोन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. मग खांद्यापासून खाली एकेक हाड चाचपत आले. ड्रायव्हरने केळ्याची साल टाकली आणि म्हणाला, "मालक, मला पुढे आणखी दोन जनावरं उचलायचीत."

"पंधरा मिनिटं थांब," हे म्हणाले. "पाय मोडलेला नाही."

दूधवाल्याने मान वर केली. "काय?"

"इकडे या. पाय तुम्ही धरायचा."

ह्यांची ही एकच शिक्षा. ज्याने हेळसांड केली त्याच्या मांडीवर त्याच्याच घोड्याचा पाय द्यायचा. घोड्याचं वजन अंगावर आलं, त्याची थरथर स्वतःच्या मांडीत शिरली, की भाषणाची गरज राहत नाही. दूधवाला भिंतीच्या कडेकडेने आला आणि वाकला. ह्यांनी खिळे उपटले, नाल काढला. मग पक्कडीने तळ थोडा थोडा दाबत गेले. एका जागी घोडी अशी उसळली की मी तिच्या मानेला लटकलेच. तिथे एक काळी रेघ होती, केसाएवढी. ह्यांनी वाकडी सुरी घेतली आणि त्या रेघेमागे गेले. पापुद्रा, आणखी एक पापुद्रा.

आणि पिचकारी उडाली. काळा-राखाडी पू, थेट दूधवाल्याच्या सदऱ्यावर. वास असा की ड्रायव्हर पायरीवरून उठून लांब गेला.

नखाच्या आत पू झाला की त्याला फुगायला जागाच नसते. सगळा जीव त्या एका ठिकाणी ठणकतो. म्हणून घोडं पाय टेकत नाही आणि मालकाला वाटतं, मोडला. ह्यांनी पाय सोडायला सांगितलं, तसा दूधवाला मागे सरला. घोडीने एवढा मोठा श्वास टाकला की तिच्या बरगड्या खाली गेलेल्या मला दिसल्या. तिने पाय अलगद जमिनीवर ठेवला. उचलला. परत ठेवला. मग सगळा भार टाकून चारी पायांवर उभी राहिली आणि मान खाली घालून फुरफुरली. घटकेपूर्वी जिला न्यायला ट्रक आला होता ती घोडी! मी हे याआधीही पाहिलंय. तरी दर वेळी नवीनच वाटतं. बोटभर सुरी, केसभर रेघ, आणि एक अख्खं जनावर परत येतं. ड्रायव्हर लांबूनच म्हणाला, "आईशप्पथ!"

दूधवाला तिच्यासमोर, दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्याने विचारलं, "काय झालं? टेकला का तिने पाय?"



ह्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "टेकला," म्हणाले. "किती दिवस झाले तुम्हाला दिसत नाही?"

वर्षभरात नजर हळूहळू गेली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता नुसत्या सावल्या दिसत. डेअरीला कळलं तर फेरी जाईल, म्हणून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. गाडीवर तो बसतच नसे, घोडीच्या मानेवर हात ठेवून बाजूने चालायचा. बेचाळीस दारं. प्रत्येक दारापाशी ती आपोआप थांबायची, मोठ्या रस्त्याला गाड्या असल्या की थांबायची, मोकळा झाला की निघायची. आणि नाल तो रोज बोटाने चाचपायचा. "लोखंड जाड लागायचं," तो म्हणाला. "मला वाटायचं, लोखंड शाबूत तर पाय शाबूत."

ती गेली असती तर हा माणूस दाराबाहेर पडू शकला नसता. आणि तरी, तिला यातना नकोत म्हणून ह्याने स्वतःच ट्रक बोलावला होता.

ट्रक गेला. ह्यांनी जखम धुतली, पट्टी बांधली, बाकीचे तीन नालही काढून वाढलेली नखं कापली. मग दूधवाल्याची बोटं घेऊन घोडीच्या सांध्यामागे ठेवली. "रोज सकाळी चारी पायांना इथे बघायचं. निरोगी पायाचा ठोका जवळजवळ लागतच नाही. लागला, की समजायचं आत काहीतरी चाललंय. मग हात खुराला लावायचा. गरम आहे का बघायचं." अर्धा तास हेच चाललं होतं.

मला कीव आली होती, नाही कशाला म्हणू? पण कीव वेगळी आणि घोडी वेगळी. मी त्याच्या तोंडावरच सांगितलं, "महिनाभर बघेन. परत असं काही झालं तर मी स्वतः येऊन हिला घेऊन जाईन. ज्यांना खूर दिसतं त्यांच्या हातून धड होत नाही, तुमच्या हातून काय होणार?"

तो म्हणाला, "न्या वहिनी. मी आडवा येणार नाही."

टेम्पोत बसल्यावर ह्यांनी दार धाडकन ओढलं. म्हणाले, "मीसुद्धा डोळे मिटूनच बघतो. तुझ्या लक्षात नाही आलं कधी?" मी म्हटलं, "तुमची गोष्ट वेगळी."

घोडीला पंधरा दिवस आराम दिला, तेवढे दिवस शेजारीण हातगाडीवरून दूध वाटून आली. जखम भरली. पाच आठवड्यांनी ह्यांनी चारी पायांची नखं नीट कापून नवे नाल ठोकले. घोडी छान चालली. दोनच दिवसांनी सकाळी फोन.

"वहिनी, डाव्या मागच्या पायात ठोका लागतोय. काल नव्हता."

आम्ही गेलो. घोडी चारी पायांवर मजेत उभी, गवत खात होती. ह्यांनी तिला अंगणात चालवलं, वळवलं, पळवलं. लंगडण्याचं नाव नाही. खुराला हात लावला, गार. नाडीवर बोटं ठेवली, डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"मला काही लागत नाही," हे म्हणाले.

"बघा!" मी म्हटलं. "उगाच जिवाला घोर."

"आहे," दूधवाला म्हणाला. "जोरात दाबलं की जातो तो." तो घोडीच्या अंगावरून हात सरकवत खाली बसला. त्याने ह्यांची दोन बोटं धरली, गव्हाएवढी वर नेली आणि आपल्या बोटांनी अलगद तिथे टेकवून ठेवली. अंगणात आम्ही तिघं, आणि घोडीचं चावणं तेवढं ऐकू येत होतं.

मग ह्यांनी डोळे उघडले. तीस वर्षं मी ह्यांच्याकडे ज्या नजरेने बघत आले, त्या नजरेने हे त्या माणसाकडे बघत होते.

नाल काढला. बाहेरच्या बाजूचा तिसरा खिळा ओढला, तर टोकाला ओल. तो नाजूक भागाला केसभर जास्त जवळ गेला होता. अजून दोन दिवस तसाच राहता, तर आत पू. खिळा दुसऱ्या कुणी ठोकला नव्हता, ह्यांनीच ठोकला होता. तीस वर्षांचा हात.

"चूक माझी," हे म्हणाले. "माझ्या कधीच लक्षात आली नसती."

दूधवाल्याने माझा आवाज आला होता त्या दिशेला तोंड वळवून विचारलं, "वहिनी, महिना होऊन गेला. नेणार का हिला?"

मला रडूच फुटलं. "गप्प बसा," मी म्हटलं. "आणि ह्यापुढे आमच्या ह्यांनी नाल ठोकला, की तुम्ही तपासल्याशिवाय आम्हाला सोडू नका."